औषधाने लिव्हर बिघडले का? तारखांची वही, रिपोर्ट आणि नोंद कळवण्याची रीत

‘ही इजा औषधानेच झाली’ असे ठामपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. रक्तातले एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतले एक एन्झाइम) वाढले म्हणजे त्या पेशी फुटताहेत एवढेच कळते. पावसाळ्यातला हिपॅटायटिस ई, दारू, पित्तनलिकेत अडकलेला खडा आणि टीबीची गोळी यांचे रिपोर्ट सुरुवातीला एकमेकांसारखेच दिसू शकतात. डॉक्टर निदान करतात ते दोन आधारांवर: बाकीची कारणे एकेक करून वगळायची, आणि औषध कधी सुरू झाले, त्रास कधी सुरू झाला, औषध थांबवल्यावर आकडे किती दिवसांत उतरले हे पाहायचे. पहिले काम दवाखान्यात होते. दुसऱ्यासाठी लागणारी माहिती मात्र रुग्णाच्या घरातच असते, आणि बहुतेक वेळा ‘त्या पांढऱ्या गोळ्या, महिनाभरापूर्वी’ इतपतच उरलेली असते.

वहीत काय लिहायचे

लांबच्या मुदतीचे औषध सुरू होताच साधी वही करा. टीबी, फिट्स, संधिवात, बुरशीची दीर्घ औषधे, एचआयव्ही, कॅन्सर यांसाठी ती हवीच. पहिल्या पानावर औषध सुरू होण्यापूर्वीचा एलएफटी (लिव्हरच्या रक्ततपासण्यांचा संच) रिपोर्ट चिकटवा. हा ‘आधीचा’ रिपोर्ट नसेल तर पुढे वाढलेला आकडा नवा की जुना यावर वाद होतो. फॅटी लिव्हर असलेल्या माणसाचे एसजीपीटी औषधाआधीच ७० असू शकते.

प्रत्येक औषधाचे ब्रँडचे नाव लिहिले तरी त्याखाली बारीक अक्षरात छापलेले मूळ घटक, मिलिग्रॅम, बॅच नंबर, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहा. एकाच ब्रँडच्या नावापुढे ‘प्लस’ किंवा ‘पी’ लागले की घटक बदलतो. रिकामे पाकीट फेकू नका, वहीतच ठेवा. कागद हरवणार असेल तर पाकिटाचा पाठीमागून फोटो काढा, एक्सपायरीची तारीख आणि बॅच दिसेल असा.

आणि फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलेच नव्हे. मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, जिमची पावडर, काढा, चूर्ण, वजन कमी करण्याचा चहा, शेजारच्यांनी दिलेले काविळीचे झाडपाल्याचे औषध, सगळे तारखेसह. मागचे सहा महिने आठवून लिहायला हरकत नाही, कारण काही औषधांची इजा ती संपल्यावर दिसते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे घसा-कानासाठी सर्रास दिले जाणारे अँटिबायोटिक याचे ठळक उदाहरण: पाच-सात दिवसांचा कोर्स पूर्ण होतो, माणूस बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगभर खाज व कावीळ येते. तेव्हा ‘सध्या कोणते औषध चालू आहे?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कोणतेच नाही’ असते, आणि गुन्हेगार निसटतो.

नोंद अशी दिसली पाहिजे (‘मर्यादा’ म्हणजे लॅबने दिलेली नॉर्मलची वरची हद्द, बिलीरुबिन म्हणजे काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य):

३ जून: टीबीच्या एकत्रित गोळ्या सुरू, वजन ४६ किलो, रोज ३. एसजीपीटी २८.
२४ जून: भूक मेली, जेवणाचा वास नको वाटतो.
२६ जून: दोनदा उलटी, डोळे पिवळसर.
२७ जून: एसजीपीटी ३८० (मर्यादा ४०), बिलीरुबिन ३.१. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या.
५ जुलै: एसजीपीटी १९०.

एवढ्या पाच ओळींतून निदानाचा मोठा भाग होतो. कार्यकारणभाव ठरवण्यासाठी १९९३ पासून रुकॅम नावाची गुणपद्धती वापरतात (२०१६ मध्ये ती सुधारली गेली). पेशींच्या इजेत औषध सुरू झाल्यापासून ५ ते ९० दिवसांत त्रास सुरू झाला तर तिच्यात २ गुण मिळतात. थांबवल्यावर ८ दिवसांत एसजीपीटी निम्म्याने उतरले तर ३ गुण. हे ‘निम्मे’ मोजायचे ते शिखराचा आकडा आणि मर्यादा यांच्यातल्या फरकाचे: ३८० वजा ४० म्हणजे ३४०, त्याचे निम्मे १७०, म्हणून २१० किंवा त्याखाली हवे. वरच्या नोंदीत ते आहे. एकूण ६ ते ८ गुण म्हणजे ‘बहुधा औषधच’, ९ किंवा जास्त म्हणजे ‘जवळपास नक्की’. बाकीचे गुण वय, सोबतची औषधे आणि वगळलेली कारणे यांवर असतात. ते घरी काढायचे नाहीत, पण तारीख चुकली तर डॉक्टरांचाही हिशेब चुकतो.

रिपोर्ट वाचताना

एलएफटीत बरेच आकडे असले तरी या कामासाठी तीन पुरतात: एसजीपीटी (म्हणजेच एएलटी), पित्त अडले की वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी) आणि एकूण बिलीरुबिन. आकडा एकटा पाहू नका. प्रत्येक लॅबची वरची मर्यादा वेगळी असते, म्हणून ‘मर्यादेच्या किती पट’ हे काढा. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासत राहा.

दोन पटींचा भागाकार केला की इजेचा प्रकार कळतो. समजा एसजीपीटी ४२०, मर्यादा ४०: साडेदहा पट. एएलपी १५०, मर्यादा १२०: सव्वा पट. १०.५ भागिले १.२५ म्हणजे ८.४. उत्तर ५ किंवा जास्त आले तर पेशींची इजा, २ किंवा कमी आले तर पित्त साचल्याची, मधले मिश्र. हा भागाकार पहिल्या रिपोर्टवर करायचा. आठवड्यांनंतर एसजीपीटी लवकर उतरते, एएलपी रेंगाळते आणि प्रकारच बदललेला दिसतो. आयसोनियाझिडने सहसा पेशींची इजा होते, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटने बहुतेकदा पित्त साचते. संशयित औषध आणि प्रकार जुळत नसतील तर दुसरे कारण शोधावे.

काळजी कुठून सुरू करायची? तज्ज्ञ औषधजन्य इजा मानतात ती एसजीपीटी ५ पट, किंवा एएलपी २ पट, किंवा एसजीपीटी ३ पट आणि सोबत बिलीरुबिन २ पटींहून जास्त असेल तर. शेवटच्या जोडीला हाय्मन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञाच्या नावावरून ‘हायचा नियम’ म्हणतात. औषधाने पेशींची इजा होऊन कावीळ झाली, एएलपी मात्र फारसे वाढले नाही, तर दहातल्या सुमारे एका रुग्णाचा मृत्यू होतो किंवा त्याला लिव्हर बदलावे लागते. म्हणून एसजीपीटी ८०० आणि बिलीरुबिन ०.९ यापेक्षा एसजीपीटी ३०० आणि बिलीरुबिन ४ हा रिपोर्ट जास्त गंभीर आहे. लोक मात्र मोठ्या आकड्याला घाबरतात.

बिलीरुबिन वाढले की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करायलाच हवा. तो १.५ किंवा वर गेला आणि रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, तर लिव्हर निकामी होते आहे. वेळ न घालवता प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवा. अशा वेळी एसजीपीटी झपाट्याने खाली आले तरी ती सुधारणा समजू नका. फुटायला पेशीच उरल्या नाहीत असाही त्याचा अर्थ असतो.

दोन फसवे प्रकार. जिममध्ये जोरात व्यायाम केल्यावर एसजीओटी (एसजीपीटीसारखेच दुसरे एन्झाइम) आणि थोडे एसजीपीटीही स्नायूंमधून वाढते. सीपीके हे स्नायूंचे एन्झाइम तपासले की उलगडा होतो. वाढत्या मुलांचे आणि गरोदर बाईचे एएलपी मुळातच जास्त असते. जीजीटी हे लिव्हरचे आणखी एक एन्झाइम नॉर्मल असेल तर ते एएलपी सहसा लिव्हरमधून आलेले नसते.

औषधावर ठपका ठेवण्याआधी हिपॅटायटिस ए आणि ई चे आयजीएम (ताज्या संसर्गाची तपासणी), एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची तपासणी), हिपॅटायटिस सी आणि पोटाची सोनोग्राफी झालेली हवी. आपल्याकडे यातली ई ची तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

टीबीच्या गोळ्या: सर्वांत मोठा वाटा

औषधजन्य लिव्हर-इजेच्या भारतीय नेटवर्कने २०२१ मध्ये १२८८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ४६ टक्के रुग्ण टीबीच्या औषधांचे होते, आणि दुसऱ्या क्रमांकावर, सुमारे १४ टक्के, आयुर्वेदिक व इतर पर्यायी औषधांचे. पाश्चात्त्य याद्यांमध्ये अँटिबायोटिक वर असते. आपली यादी वेगळी आहे हे लक्षात ठेवूनच परदेशी माहिती वाचावी.

चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन लिव्हरला त्रास देऊ शकतात. इथॅम्ब्युटॉल सहसा नाही. एकत्रित गोळीत ती ७५, १५०, ४०० आणि २७५ मिलिग्रॅम असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ किलोला ४. म्हणून वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर करा. आजारात ५२ चे ४७ झालेल्या माणसाला जुन्या वजनाने डोस लागला तर तो एका गोळीने जास्त होतो.

लघवी लाल-केशरी होणे ही कावीळ नव्हे. रिफाम्पिसिनचा तो रंगच आहे. पहिल्या दिवसापासून दिसतो, घाम आणि अश्रूंनाही येतो. त्यामुळे या उपचारात लघवीवरून कावीळ ओळखता येत नाही. दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. त्याहीआधी भूक पाहा: अन्नाची शिसारी, मळमळ, विनाकारण थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे बरेचदा डोळे पिवळे होण्याच्या आधी येतात. ही लक्षणे दिसल्यावरही गोळ्या चालू राहणे, हेच जीव जाण्याचे मोठे कारण असते. उलट्या किंवा कावीळ असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नका. गोळ्यांमुळे सुरुवातीला थोडी मळमळ अनेकांना होतेच; भेद करायला एलएफटीच लागते.

लक्षणांसह एसजीपीटी ३ पटींवर, किंवा लक्षणे नसतानाही ५ पटींवर गेले तर औषधे थांबवतात. त्याखालची किरकोळ वाढ आयसोनियाझिड घेणाऱ्या बऱ्याच जणांत होते आणि औषध चालू असतानाच आपोआप उतरते. तिला घाबरून उपचार सोडणे हा दुसऱ्या टोकाचा घोळ, आणि त्याची किंमत औषधांना दाद न देणारा टीबी असू शकते.

आकडे २ पटींखाली आल्यावर औषधे पुन्हा सुरू करतात ती एकेक करून, मध्ये काही दिवस सोडून आणि दर वेळी एलएफटी पाहून: बहुधा आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड. इजा गंभीर असेल तर पायराझिनामाइड परत देत नाहीत आणि मुदत वाढवतात. टीबी पसरलेला असेल तर मधल्या काळात लिव्हरला न दुखावणारी वेगळी औषधे देतात. हे सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे. शंकेसाठी निक्षय या सरकारी टीबी कार्यक्रमाच्या यंत्रणेची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६.

फिट्सच्या औषधांना मात्र वेगळा नियम. ती घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट्सचा सलग झटका येऊ शकतो. फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन ही फिट्सची औषधे सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ आणि चेहऱ्यावर सूज आली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे दुसरे औषध देऊन फिट्सचे हे औषध थांबवतात. व्हॅल्प्रोएट या फिट्सच्याच औषधावरचा रुग्ण सुस्त झाला आणि एलएफटी नॉर्मल आली तरी रक्तातला अमोनिया तपासून घ्या.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. वार पाकिटावर मार्करने लिहा.

पॅरासिटामॉलची बेरीज

इथे इजा मात्रेवर ठरते, म्हणून ती टाळता येते. निरोगी प्रौढाची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम; रोज दारू पिणाऱ्याला, उपाशी किंवा कुपोषित माणसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नये. मर्यादा ओलांडते ती एका औषधाने नाही, तर तीन ठिकाणच्या गोळ्यांनी. तापासाठी ६५० ची गोळी दिवसातून चारदा म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत ५०० असते, ती तीनदा म्हणजे १५००. कंबरेसाठी असिक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जोडगोळीत ३२५, ती दोनदा म्हणजे ६५०. बेरीज ४७५० मिलिग्रॅम, आणि घेणाऱ्याला वाटते आपण तीन वेगवेगळी औषधे घेतली.

लहान मुलांत घोळ ड्रॉप्स आणि सिरपचा. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, तर जादा शक्तीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम पुरतात: १२५ च्या सिरपचे ६ मिली किंवा ड्रॉप्सचे दीड मिली. ड्रॉप्सचे ६ मिली दिले तर ६०० मिलिग्रॅम जातात. बाटली बदलली की मिली नव्याने विचारा. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

जास्त मात्रा गेल्याचा संशय आला तर त्रासाची वाट पाहू नका. पहिला दिवस बरा जातो, मग लिव्हर ढासळते. एन-असिटिलसिस्टीन हा उतारा ८ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगले काम करतो. उशीर झाला तरी देतातच. सोबत पाकिटे आणि गोळ्या घेतल्याची वेळ लिहून न्या, कारण रक्तातली पातळी त्या वेळेच्या हिशेबानेच वाचतात.

काढा आणि चूर्ण हीसुद्धा औषधेच

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी गेला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही इजा स्वतःच्या प्रतिकारशक्तीने लिव्हरवर केलेल्या हल्ल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि चुकीची, दिसायला सारखी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. वाद बाजूला ठेवला तरी व्यवहारात एवढे ठरते: थायरॉइडचा किंवा दुसरा स्वयंप्रतिकार आजार असेल, किंवा आधीच लिव्हरचा विकार असेल, तर गुळवेल स्वतःहून सुरू करू नये. कोडासाठी पोटात घेतलेली बावची, अश्वगंधा, मिरीच्या अर्कासह विकल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क यांच्याही नोंदी आहेत. फोडणीतल्या हळदीचा याच्याशी संबंध नाही; कॅप्सूलमध्ये मात्रा आणि शोषण दोन्ही वाढवलेले असते.

संशय आला तर उरलेले चूर्ण किंवा काढ्याची काडी कोरड्या डब्यात ठेवा. वनस्पती कोणती होती, त्यात धातू किंवा स्टेरॉइड होते का, हे नमुन्याशिवाय कळत नाही. आणि कावीळ झाली म्हणून माळ घालणे, हात धुऊन ‘कावीळ उतरवणे’ यात नुसता वेळ जातो. झाडपाल्याचे औषध त्यावर आणखी एक संशयित वाढवते. ‘लिव्हर टॉनिक’ही इजा रोखते असा भरवशाचा पुरावा नाही.

लिव्हरटॉक्स कसे वाचायचे

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेले लिव्हरटॉक्स हे या विषयातले सर्वांत उपयोगी मोफत संकेतस्थळ. इंग्रजीत आहे, शोधताना भारतीय ब्रँडचे नाव चालणार नाही, घटकाचे नाव टाका (पॅरासिटामॉल तिथे असिटअमिनोफेन म्हणून आहे). पानावर थेट ‘हिपॅटोटॉक्सिसिटी’ या भागाकडे जा: इजा किती दिवसांनी, कोणत्या प्रकारची, किती दिवसांत भरून येते हे तिथे मिळते. मग ते आपल्या वहीशी ताडून पाहा.

प्रत्येक औषधाला ए ते ई अशी श्रेणी असते आणि ती हमखास चुकीची वाचली जाते. ए म्हणजे ‘धोकादायक’ नव्हे. त्या औषधाने इजा झाल्याच्या पन्नासहून अधिक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, एवढाच तिचा अर्थ. अटॉरव्हास्टॅटिन आणि आयसोनियाझिड दोन्ही ए मध्ये आहेत; पण कोलेस्टेरॉलची ती गोळी कोट्यवधी लोक घेतात आणि तिची गंभीर इजा फार विरळ. श्रेणी पाहून कोणी हृदयाची गोळी बंद करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक नोंदींचा सारांश व्हिजीअ‍ॅक्सेस या संकेतस्थळावर दिसतो. तिथे औषध टाकले की लिव्हरच्या तक्रारींची संख्या येते. औषध किती जणांनी घेतले हे त्यात नसते, म्हणून दोन औषधांच्या संख्यांची तुलना करून ‘हे जास्त वाईट’ असे ठरवता येत नाही.

कळवायचे कुठे

औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेणारा भारताचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगात आहे. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात. रुग्णांसाठीचा वेगळा, सोपा फॉर्म मराठीतही आहे. मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत नोंद घेणारी केंद्रे आहेत, मुंबईत केईएमच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात, आणि बहुतेक ठिकाणी ती औषधशास्त्र विभागात असतात. ओपीडीत विचारून सापडत नाहीत, विभागाचे नाव घ्या.

फॉर्मवर नावाऐवजी आद्याक्षरे, वय, काय झाले, कधी सुरू झाले, संशयित औषध आणि कळवणाऱ्याचा संपर्क हवा. सिद्ध झालेले असण्याची गरज नाही, संशय पुरतो. त्याने डॉक्टरवर खटला होत नाही आणि भरपाईही मिळत नाही. सोबत एलएफटीचे सगळे रिपोर्ट तारखांच्या क्रमाने जोडा. नुसते ‘कावीळ झाली’ असे लिहिलेल्या नोंदीतून पुढे काही ठरवता येत नाही. आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथीच्या औषधांसाठी वेगळी साखळी असून तिचे केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. गावाहून नेलेली चूर्णे परदेशात घेतली असतील तर ब्रिटनमध्ये यलो कार्ड आणि अमेरिकेत मेडवॉचवर कळवता येते. दोन्हीकडे वनौषधींची नोंद घेतात.

बरे झाल्यावर

डोळे पांढरे झाले म्हणून तपासण्या थांबवू नका. आकडे पूर्ण नॉर्मल होईपर्यंत एलएफटी करत राहा: सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा, नंतर अंतर वाढवत. पेशींची इजा सहसा काही आठवड्यांत भरते, पित्त साचल्याची काही महिने घेते. सहा महिन्यांनंतरही आकडे चढेच असतील तर निदान पुन्हा तपासून घ्या.

ज्या घटकाने इजा झाली त्याचे नाव, तारीख आणि सर्वांत वरचे एसजीपीटी-बिलीरुबिन एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. ब्रँड नव्हे, घटक. तोच घटक दुसऱ्या नावाने पुन्हा हातात येतो, आणि दुसऱ्या वेळची इजा अनेकदा लवकर येते व जास्त जोरात असते. प्रत्येक नव्या प्रिस्क्रिप्शनआधी, दाताच्या डॉक्टरांकडेही, हे कार्ड दाखवा.